वरची जागा

"शिडीला हात लावू नकोस," फोरमन म्हणाला. "तुझं काम आता खाली आहे."

तिचा एक पाय पहिल्या पायरीवर होता, तो तिने तिथेच ठेवला. डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे, आणि बाळंतपणाची रजा संपल्यावरचा पहिला दिवस. सकाळी बाळाला सासूच्या हवाली करताना डोळ्यांत पाणी आलं होतं, पण कारखान्याचं फाटक दिसल्यावर पावलं आपोआप भरभर पडायला लागली होती.

"खाली म्हणजे कुठे, साहेब?"

"टूल स्टोअरला. पंखा आहे, खुर्ची आहे, बसून काम. मॅडमनी खास सांगून ठेवलंय. नशीब काढलंस तू."

नशीब काढलेल्या माणसाने हसायचं असतं, म्हणून ती हसली. तिने वर बघितलं. केबिनमध्ये तिच्या जागी एक उंचापुरा अनोळखी माणूस बसला होता. त्याने वरूनच नमस्कारासारखा हात केला. तिनेही केला. त्या बिचाऱ्याची काय चूक?

त्या शेडमध्ये लोखंडाच्या टाक्या बनायच्या. दुधाच्या, तेलाच्या, रसायनांच्या. काही तर खोलीएवढ्या. त्या इकडून तिकडे न्यायला छपराखाली रुळांवर चालणारी क्रेन होती आणि क्रेनच्या पोटाला लटकलेली काचेची केबिन. लग्नाच्या आधीपासून ती त्या केबिनमध्ये बसत होती. खाली हुक लावायला आणि खुणा करायला काका असायचे. गोंगाटात तोंडाचा उपयोग शून्य, त्यामुळे सगळा कारभार हातवाऱ्यांवर. बोट वर फिरलं की उचल, तळवा खाली दाबला की सोड, दोन्ही हात आडवे पसरले की थांब. बाकीच्या खुणा फक्त काकांच्या मानायच्या. थांबायची खूण मात्र कुणीही करो, झाडूवाला करो नाहीतर खुद्द मालक, तिथल्या तिथे थांबायचं. आणि पुन्हा हलायचं ते काकांनी सांगितल्यावरच. हा नियम चित्रासकट ठिकठिकाणी भिंतींवर लावलेला होता.

जमिनीवर काका आणि ती फारसं बोलत नसत. जेवणाच्या सुट्टीत "काय गं?", "काही नाही काका," इतपतच. पण काकांची पाठ आज दुखतेय की नाही, हे तिला वरून त्यांच्या नुसत्या खांद्यांवरून कळायचं. शेडमधले लोक तिला घार म्हणायचे. आधी टवाळीने म्हणत, मग सवयीने, आणि पुढे पुढे त्यात थोडा मानही आला होता. काका तर घारबाई म्हणायचे.

आता घारबाई जाळीच्या खिडकीमागे बसली. स्टोअरचं काम असं: खिडकीतून कामगाराचा पितळी बिल्ला आत यायचा, पाना बाहेर जायचा. संध्याकाळी पाना आत, बिल्ला बाहेर. मोठा पाना द्या. हा नको, याच्याहून मोठा. दिवसभरात कुणी असं काही विचारत नसे की उत्तर देण्याआधी क्षणभर थांबावं लागेल. पगार तोच होता, वर चढण्याचा भत्ता तेवढा बंद झाला होता, आणि त्याचंही तिला एवढं वाटलं नाही. तिला खुपत होतं ते दुसरंच. वर असताना टाकीला बांधलेला पट्टा नीट बसला नाही असं वाटून तिने नुसती मान हलवली, तरी सगळी शेड थांबायची. फोरमनसुद्धा हातातलं काम टाकून बघायला यायचा. इथे तिच्या "नाही"चा अर्थ एवढाच, की पाना शिल्लक नाही. पहिल्या आठवड्यात तिने सगळे पाने आकाराप्रमाणे लावले, दुसऱ्या आठवड्यात कपाटं पुसली, आणि तिसऱ्या आठवड्यात करायला काही उरलं नाही.

मग ती मॅडमकडे गेली. नेमणुका, रजा, तक्रारी सगळं मॅडमच्या हातात. बाई स्वभावाने चांगली, आणि गोची नेमकी तिथेच होती.

"मॅडम, मला परत वर जायचंय."

"का गं? खाली कुणी त्रास देतंय का?"

"नाही, त्रास काहीच नाही."

"मग?"

"मग... काहीच नाहीये तिथे, मॅडम."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे बघ, माझी मुलगी झाली ना, तेव्हा मला कुणी काही विचारलंसुद्धा नाही. बाथरूममध्ये उभी राहून दूध पिळून टाकायचे मी, आणि बाहेरून कुणीतरी दार बडवत असायचं. तेव्हाच ठरवलं होतं, उद्या आपल्या हातात काही आलं तर दुसरीवर ही पाळी येऊ द्यायची नाही. तुझ्यासाठी भांडून मिळवलीय मी ही जागा. एकदा वर चढलीस की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतरता येत नाही. बाळाचं काही झालं तर? खाली असलीस तर दहा मिनिटांत घरी जाशील."

वाईट माणूस असता तर तिने चार शब्द सुनावले असते, तिची जीभ काही मऊ नव्हती. पण चांगुलपणाशी भांडायचं कसं, हे कुणी शिकवलेलं नसतं. "बाळ आता बाटलीने पितं, कुस्करलेलं खातं," एवढंच ती म्हणाली, आणि "बघू पुढे" हे उत्तर घेऊन परत आली.

वाटेत फोरमनने गाठलं. "कशाला हट्ट करतेस? घार फिरते आकाशात, पण चित्त तिचं पिलापाशी, असं जुनी माणसं उगीच म्हणत नाहीत. डोक्यावर भार लटकतोय आणि तुझं चित्त गेलं घरी, म्हणजे आमची चटणी!"

"साहेब, चित्त पिलापाशी लागलं म्हणून घार खाली पडल्याचं ऐकलंय का कुणी?"

पलीकडे पट्टे गुंडाळत बसलेले काका मोठ्याने हसले. फोरमनने त्यांना पट्टे नीट गुंडाळायला सांगितले.

घरी तर तिच्या दुःखाला कुणी गिऱ्हाईकच नव्हतं. "बसून काम मिळालंय तर बसावं माणसाने," सासू म्हणाली. "आम्हाला कोण बसू देत होतं?" आणि असं म्हणत तिने बाळाला अशा काही मायेने मांडीवर घेतलं, की सुनेने तो विषयच सोडला. नवरा एका छापखान्यात मशीनवर होता. बाळ झालं त्याच महिन्यात त्याच्या मालकाने पाठ थोपटून त्याला पाळीचा मुख्य केला होता. आता बाप झालास, आता तुला जबाबदारी कळेल, असं म्हणून त्याने पेढ्यासारखी बढती हातावर ठेवली होती.

"एक सांग मला," बाळाचे कपडे दोरीवर टाकता टाकता तिने त्याला विचारलं. "बाळ झालं म्हणून तुला वर चढवलं, आणि बाळ झालं म्हणून मला खाली उतरवलं. बाळ एकच आहे ना रे आपलं?"

तो खो खो हसला. मग तिचा चेहरा बघून थांबला आणि उरलेले कपडे त्याने टाकले.

संधी आली ती दुसऱ्याच्या आजारपणावर बसून. नव्या ऑपरेटरला कावीळ झाली. त्याच आठवड्यात एक मोठी टाकी ट्रेलरवर चढवून पाठवायची होती, आणि गिऱ्हाइकाचा माणूस येऊन छातीवर बसला होता. फोरमन स्वतः चालत स्टोअरच्या खिडकीशी आला. हातात बिल्ला नव्हता.

"उद्या चढशील?"

"चढेन."

"एक दिवस. पण टाकी नीट बसली ना ट्रेलरवर, तर मी मॅडमशी बोलतो. नव्याला दुसऱ्या शेडमध्ये देतो आणि तुला कायमची वर बसवतो. शब्द आहे माझा."

दुसऱ्या दिवशी शिडी चढताना तिला मध्ये दोनदा थांबावं लागलं, बाळंतपणाने अंगातली ताकद नेली होती. पण केबिनचं दार लावून तिने दांड्यांवर हात ठेवले, आणि हातांना सगळं आठवत होतं. पायाखालच्या काचेतून काकांचं पिवळं हेल्मेट दिसलं. काकांनी वर बघून छातीवर हात ठेवला. ही खूण नियमात कुठे नव्हती. तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली.

काकांनी चारी पट्टे लावले, दोनदा तपासले आणि बोट फिरवलं. टाकी जमिनीवरून सुटली. वजनाने क्रेन किंचित दबली, ते तिला पाठीतून कळलं. पुरुषभर उंचीवर आल्यावर तिने क्रेन ट्रेलरच्या दिशेने सोडली, अगदी हळू, टाकीला झोका बसू न देता. अर्धी शेड ओलांडून झाली.

तेवढ्यात खालून कुणीतरी धावत आलं आणि शेडच्या मधोमध दोन्ही हात आडवे पसरून उभं राहिलं.

तिने क्रेन थांबवली. टाकी जराशी हलली आणि स्थिर झाली. खाली उभा होता तो फाटकावरचा टाइमकीपर. त्याच्या टेबलासमोरच नियमांचं चित्र होतं; रोज बघून ती एकच खूण त्याला पाठ झालेली. वर मोबाइल न्यायला बंदी होती, म्हणून तिने घरी फाटकाचा नंबर देऊन ठेवला होता. टाइमकीपर आता तोंडाने ओरडत होता, पण वर काही पोचत नव्हतं. मग त्याने मूठ कानाला लावली: फोन. आणि मग दोन्ही हात पोटाशी धरून इकडून तिकडे झुलवले.

बाळ.

ती खूण क्रेनच्या खुणांमध्ये नव्हती, तरी तिला ती लागलीच समजली. छातीत कळ आली, दूध उतरलं आणि शर्ट ओला झाला. ताप, पडलं, गिळलं काहीतरी, भाजलं; एवढं सगळं एका श्वासात डोक्यातून गेलं. शिडी हाताशी होती. पण भार हवेत ठेवून केबिन सोडायची नाही, हे तिला खुणांच्याही आधी शिकवलेलं होतं. टाकीच्या आसपास सहा-सात माणसं उभी होती आणि ती सगळी वर बघत होती.

काकांनी टाइमकीपरचा दंड धरून त्याला बाजूला केलं. मग त्यांनी मान वर केली. खूण लगेच केली नाही. ते नुसते बघत राहिले. तिने मान हलवली, हो. तेव्हा त्यांनी हात पुढे केला: चल, सावकाश.

ती सावकाश चालली. घाई केली असती तर टाकीला झोका बसला असता आणि झोका थांबेपर्यंत आणखी वेळ गेला असता, हा साधा हिशोब होता. ट्रेलरच्या वर आल्यावर काकांचा तळवा खाली दबत गेला, ती सोडत गेली. थोडं डावीकडे. अजून. टाकी लाकडी ठोकळ्यांवर टेकली, पट्टे सैल पडले, काकांनी चारी हुक काढून हात वर केले. त्यानंतर ती शिडी कशी उतरली, ते तिला कधीच आठवलं नाही.

फाटकावर रिसिव्हर तसाच टेबलावर पडलेला होता.

"आई! काय झालं?"

"अगं, दात आलाय!" सासूचा आवाज आनंदाने नुसता फुटत होता. "खालचा! पेज भरवत होते तर चमच्यावर टक् वाजलं. मी बोट फिरवून बघितलं, तर खरंच! म्हटलं तुला आत्ताच्या आत्ता सांगावं. त्या माणसाला म्हटलं, पटकन बोलवा तिला, आमच्या बाळाला... तर पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही!"

ती भिंतीला टेकून खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायलाही लागली. टाइमकीपर गोरामोरा होऊन पाण्याचा ग्लास घेऊन उभा राहिला. शेडमध्ये बातमी पोचली तेव्हा सगळे हसले, फोरमनसुद्धा. टाकीला ओरखडा नव्हता. गिऱ्हाइकाचा माणूस सही करून गेला.

दुपारपर्यंत हसू ओसरलं आणि तोंडं सुरू झाली. काहीजण म्हणाले, बघा, बाई वर असली की असं होतं, भार हवेत आणि घरून फोन. काहीजण म्हणाले, कमाल आहे बाईची, लेकराचा फोन आहे हे कळूनही टाकी उतरवत बसली, आई आहे का दगड? गंमत म्हणजे काही लोक दोन्ही म्हणाले, आणि एकाच चहात म्हणाले. काकांनी तेवढं त्या टोळक्यात बसून चहा घ्यायचंच सोडून दिलं. टाइमकीपरचं मात्र कौतुक झालं. ते तसं बरोबरही होतं, त्याने थांबायची खूण अगदी चित्रातल्यासारखी केली होती.

संध्याकाळी सासू तिच्या तोंडाकडे बघेना. "माझ्यामुळे झालं सगळं. म्हाताऱ्या माणसाला काही पाचपोच नाही."

"आई, आनंदाने केलात ना फोन? मग झालं. मला बघू दे तरी दात." तिने बोट फिरवलं. तांदळाच्या कणीएवढं काहीतरी टोचलं. बाळाने बोट चावलं आणि ते खुदकन हसलं.

नवरा आल्यावर त्याला तिने सगळं सांगितलं, आणि मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. "टाकी खाली येत होती ना, तेव्हा शेवटी शेवटी मला बाळ आठवतच नव्हतं. फक्त टाकी आणि काकांचा हात. आणि खरं सांगू? बरं वाटत होतं मला."

"मशीन अडकलं की मलाही नाही आठवत कुणी," तो म्हणाला. "मला कुणी कधी विचारलं नाही, एवढंच."

दोन दिवसांनी मॅडमनी बोलावलं. फोरमन आधीच तिथे बसला होता आणि खिडकीबाहेर बघत होता, त्यावरून काय ते तिला कळलं.

"तुझं काम उत्तम झालं," मॅडम म्हणाल्या. "चूक तुझी अजिबात नाही. पण तो फोन खरंच तसा असता तर?"

"तरी मी आधी टाकीच ठेवली असती, मॅडम. मग उतरले असते."

"तेच तर," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "हे असं ठरवायची वेळ मला कुठल्याही आईवर आणायची नाही."

"आणि बापावर?"

"म्हणजे?"

"नव्याला दोन मुलं आहेत, मॅडम. धाकटं माझ्या बाळाहून थोडंच मोठं आहे."

मॅडमनी फोरमनकडे बघितलं. फोरमन अजून खिडकीबाहेरच बघत होता. "त्याच्या घरी बायको असते," मॅडम म्हणाल्या.

"माझ्या घरी सासू असते."

"तुझ्या भल्यासाठीच आहे हे," मॅडम शेवटी म्हणाल्या. "मूल शाळेत जायला लागलं की बघू." तिने मान हलवली. या मान हलवण्याने काही थांबलं नाही. फोरमन तिच्या मागोमाग बाहेर आला, शब्द दिला होता त्याबद्दल काहीतरी पुटपुटला आणि पुढे निघून गेला.

नवा ऑपरेटर काविळीतून उठून आला तो अर्धा होऊन. केबिनमध्ये तिची काही चीजवस्तू राहिली होती: काच पुसायचं फडकं, पाण्याची बाटली, एक स्वेटर. ती घ्यायला तिला जेवणाच्या सुट्टीत वर जाऊ दिलं. तो तिच्या मागोमाग चढला, दारातच उभा राहिला आणि जागा करून देण्यासाठी अंग चोरायला लागला.

"बस ना तू," ती म्हणाली. "मी निघतेच आहे."

तो बसला. डोकं केबिनच्या छताला टेकलेलं आणि मान वाकडी. उंट तिपाईवर बसवावा तसा दिसत होता. ती बुटकी म्हणून खुर्ची शेवटच्या खाचेपर्यंत वर चढवलेली होती.

"इतके महिने असाच बसतोस?"

"हो, ताई."

"अरे, खुर्ची खाली होते की. खिट्टी आहे बाजूला."

"माहीत आहे." तो कानामागे खाजवायला लागला. "सगळे म्हणायचे, त्या परत येणार आहेत. म्हटलं, तुमची जागा, उगाच कशाला हलवा."

तिने स्वेटर खांद्यावर टाकला आणि त्याला उठायची खूण केली. गुडघ्यावर बसून तिने खुर्चीची खिट्टी ओढली. ती गंजून बसली होती, दोन्ही हातांनी ओढावी लागली. खुर्ची एकेक खाच करत खाली आली.

"आता बस," ती म्हणाली. "टेकतं का डोकं?"

त्याने मान ताठ करून बघितली. "नाही टेकत, ताई."

तिने खिट्टी घट्ट बसवली, हात फडक्याला पुसले आणि त्याला काका दिसतात ना, ते खाली वाकून एकदा बघून घेतलं.